डिजिटल रेंजफाइंडरची पुढची बॉडी निवडताना : सेन्सर बदलला, अंतरमापक तोच राहिला

डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा वापरणाऱ्या माणसाला काही वर्षांनी हातातली बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, ठेवावी की पुढच्या मॉडेलकडे जावे, असा प्रश्न पडतोच. इतर प्रकारच्या कॅमेऱ्यांत या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सरळ असते, कारण तिथे नव्या मॉडेलबरोबर ऑटोफोकस, सेन्सर, हाताची थरथर शोषून घेणारी यंत्रणा आणि व्हिडिओ असे सगळेच थोडेथोडे पुढे सरकलेले असते. रेंजफाइंडरचे तसे नाही. गेल्या दोन दशकांत त्याचा सेन्सर ६ मेगापिक्सेलपासून ६० मेगापिक्सेलपर्यंत पोहोचला; परंतु ज्या यंत्रणेने फोकस साधायचा, ती आरसे, प्रिझम आणि तरफ यांची यांत्रिक जोडणी १९५० च्या दशकात जशी होती, जवळजवळ तशीच राहिली. नवी बॉडी निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका ही विसंगती ध्यानात न घेतल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. म्हणून मॉडेलांकडे वळण्याआधी ती यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे.

रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक, आणि तो असलेल्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. बॉडीच्या वरच्या भागात व्ह्यूफाइंडरची एक खिडकी असते आणि तिच्यापासून काही सेंटीमीटर अंतरावर दुसरी लहान खिडकी असते. या दुसऱ्या खिडकीतून येणारी प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एका उजळ चौकोनात दिसते. लेन्सची फोकस रिंग फिरवली की लेन्सच्या मागचा कॅम बॉडीतल्या एका छोट्या चाकाला ढकलतो, ते चाक आतल्या काचेचा कोन बदलते आणि चौकोनातली प्रतिमा आडवी सरकू लागते. ती मूळ प्रतिमेवर बरोबर बसली की फोकस साधला. दोन डोळ्यांच्या मदतीने आपण अंतराचा अंदाज घेतो, त्याच त्रिकोणाच्या भूमितीचा हा उपयोग आहे. लेन्समधून पाहत नसल्यामुळे लेन्सवर झाकण तसेच राहिले असले तरी व्ह्यूफाइंडरमध्ये जग स्वच्छ, सुंदर दिसत राहते. हा धडा प्रत्येक रेंजफाइंडरवाला एकदा तरी शिकतो आणि मी तो एकापेक्षा अधिक वेळा शिकलो आहे.

या त्रिकोणाचा पाया, म्हणजे दोन खिडक्यांमधले अंतर, जितका लांब तितके मापन अचूक. व्ह्यूफाइंडर दृश्य जितके मोठे दाखवेल तितके जुळणीतले बारीक अंतर डोळ्याला कळेल. म्हणून पायाची लांबी आणि व्ह्यूफाइंडरचे वर्धन यांचा गुणाकार करून ‘प्रभावी पाया’ काढतात आणि फोकसच्या अचूकतेचा अंदाज त्यावरून घेतात. लायका या जर्मन कंपनीच्या डिजिटल एम मालिकेत पाया ६९.२५ मिमी आहे. एम८, एम९ आणि टाइप २४० या मॉडेलांत वर्धन ०.६८ होते, म्हणजे प्रभावी पाया सुमारे ४७ मिमी. एम१० पासून वर्धन ०.७३ झाले आणि प्रभावी पाया ५०.५ मिमीच्या आसपास आला. आता १९५४ च्या एम३ या फिल्म कॅमेऱ्याकडे पाहा : त्याचे वर्धन ०.९१ होते आणि प्रभावी पाया सुमारे ६२ मिमी होता. केवळ फोकस साधण्याच्या अचूकतेचा विचार केला, तर आजच्या बॉडी त्या जुन्या कॅमेऱ्याच्या मागेच आहेत. अर्थात एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ मिमी लेन्सची चौकट, म्हणजे त्या लेन्सच्या छायाचित्रात किती दृश्य येईल ते दाखवणाऱ्या रेषा, मावत नव्हती. रुंद दृश्य दाखवण्यासाठी वर्धन कमी करावे लागले आणि अचूकता थोडी सोडावी लागली.

खरी मेख इथे आहे. ५० मिमीची लेन्स एफ/१.४ वर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र (अ‍ॅपर्चर) खूप मोठे, उघडून एक मीटरवरच्या माणसाचे छायाचित्र घेतले, तर परंपरागत निकषाने (अस्पष्टतेचे वर्तुळ, म्हणजे चालण्याजोग्या अस्पष्टतेचा आकार, ०.०३ मिमी धरून) फोकसची एकूण खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पल्ला, सुमारे ३.२ सेंटीमीटर मिळते. हा निकष फिल्मच्या काळातला आहे आणि मध्यम आकाराची प्रत हाताच्या अंतरावरून पाहिली जाईल, असे त्यात गृहीत धरले आहे. पडद्यावर प्रतिमा शंभर टक्के मोठी करून तपासणारा माणूस हा निकष नकळत मोडीत काढतो. दोन पिक्सेलांएवढी अस्पष्टता चालेल असे मानले, तर २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तीच खोली सुमारे १३ मिमी होते आणि ६० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर जेमतेम ८ मिमी, म्हणजे पुढे चार आणि मागे चार. उभा असलेला माणूस श्वास घेतानाही याहून अधिक हलतो. त्यामुळे २४ वरून ६० मेगापिक्सेलकडे गेलेल्या अनेकांना सुरुवातीला आपला फोकस बिघडल्यासारखे वाटते. फोकस पूर्वीइतकाच चुकत असतो. फक्त आता ती चूक दिसू लागलेली असते. तीच प्रतिमा पूर्वीच्याच आकारात छापली, तर ती पूर्वीपेक्षा वाईट दिसणार नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे.

आधी घोडे कुठे अडते ते पाहावे

एवढ्यासाठी पुढची बॉडी निवडण्यापूर्वी एक काम करण्याजोगे आहे. आपली अलीकडची दोनशे फसलेली छायाचित्रे वेगळी काढावीत आणि प्रत्येक का फसले हे प्रामाणिकपणे लिहावे : फोकस चुकला, हात हलला, अंधारात कणकण (प्रतिमेवर रवाळ ठिपके) आले, आकाश पांढरे पडले, चौकट चुकली, की क्षणच निसटला. यांपैकी प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे, आणि नवी बॉडी त्यांतल्या दोन-तीनच गोष्टी सुधारू शकते. कणकण आणि पांढरे आकाश हे सेन्सरचे प्रश्न आहेत. तिथे नव्या पिढीचा उपयोग निश्चित होतो. चौकट चुकत असेल तर व्ह्यूफाइंडरचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मॉडेलागणिक बदलते. क्षण निसटत असेल तर बहुधा सरावाचा प्रश्न आहे. फोकस चुकत असेल, तर आधी बॉडी आणि लेन्स यांची जुळणी तपासून घ्यावी, कारण बॉडीतले ते छोटे चाक धक्क्याने किंचित सरकले तरी सगळ्याच लेन्स एका बाजूला फोकस चुकवू लागतात. जुळणी ठीक असूनही बारीक फरक डोळ्याला कळत नसेल, तर व्ह्यूफाइंडरला लावायचे १.२५ पट किंवा १.४ पट वर्धनाचे भिंग मिळते. ०.७३ च्या व्ह्यूफाइंडरला १.२५ पट भिंग लावले की प्रभावी पाया ६३ मिमीपर्यंत, म्हणजे एम३ च्या बरोबरीला येतो. लांब लेन्स वापरणाऱ्यासाठी हे लहानसे भिंग नव्या बॉडीपेक्षा अधिक काम करते. त्याची किंमत रुंद लेन्स वापरताना मोजावी लागते, कारण भिंग लावल्यावर बाहेरच्या चौकटी दिसेनाशा होतात.

एका पिढीकडून दुसरीकडे

या प्रकारातला पहिला डिजिटल कॅमेरा लायकाचा नव्हता. २००४ मध्ये एप्सनने आर-डी१ बाजारात आणला; त्याची बॉडी कोसिनाच्या फिल्म रेंजफाइंडरवर आधारलेली होती, सेन्सर ६ मेगापिक्सेलचा आणि फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान होता, आणि शटर प्रत्येक वेळी अंगठ्याने तरफ ओढून ताणावे लागे. त्याचा व्ह्यूफाइंडर दृश्य नैसर्गिक आकारात, म्हणजे १.० वर्धनाने दाखवत असे, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून काम करता येत असे. हा आनंद आजच्या कुठल्याही एममध्ये नाही. मात्र तो आज कामासाठी घ्यावा असे मी कुणाला सांगणार नाही.

२००६ चा एम८ हा लायकाचा पहिला डिजिटल एम. त्याचा १० मेगापिक्सेलचा, सीसीडी जातीचा सेन्सर २७ गुणिले १८ मिमीचा होता, त्यामुळे प्रत्येक लेन्स १.३३ पट अरुंद दिसे आणि ३५ मिमीची लेन्स ४७ मिमीसारखी वागे. सेन्सरवरची अवरक्त किरणे अडवणारी काच मुद्दाम पातळ ठेवली होती. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण रेंजफाइंडरच्या सगळ्या डिजिटल अडचणींचे मूळ तिथे आहे. एम माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती कडी) आणि सेन्सर यांच्यातले अंतर केवळ २७.८ मिमी आहे. आरसा मध्ये नसल्यामुळे रुंद लेन्सची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येते आणि कोपऱ्यांवर प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचे काही वाटत नसे. सेन्सरवर मात्र तो तिरका प्रकाश जाड काचेतून जाताना वाकतो, पिक्सेलांच्या कडांवर अडतो आणि कोपरे काळवंडतात, अस्पष्ट होतात किंवा रंगीत छटा घेतात. पातळ काचेने ही अडचण कमी झाली, पण अवरक्त किरणे आत येऊ लागली आणि काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. प्रत्येक लेन्सवर अवरक्त किरणे अडवणारे फिल्टर लावणे हाच त्यावरचा उपाय होता.

२००९ च्या एम९ ने दोन गोष्टी सोडवल्या. तो फुल फ्रेम होता, म्हणजे ३५ मिमीची लेन्स पुन्हा ३५ मिमीसारखी दिसू लागली, आणि अवरक्त किरणांची तक्रारही राहिली नाही. १८ मेगापिक्सेलचा हा सीसीडी सेन्सर कोडॅकने बनवलेला होता. एम८ वरून एम९ कडे जाणे हा या सगळ्या मालिकेतला सर्वांत निर्विवाद बदल होता, कारण त्यात छायाचित्रकाराची प्रत्येक लेन्स बदलली. एम९ च्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत : मूळ संवेदनशीलता (आयएसओ) १६०, कमाल २५००, आणि ८०० च्या पुढे गेल्यावर सावल्यांमध्ये कणकण व रंगीत पट्टे दिसण्याचा धोका. त्याच्या रंगांविषयी बोलताना अनेकजण ‘सीसीडीची जादू’ असा उल्लेख करतात. हे रंग आकर्षक असतात, हे खरे. पण ते केवळ सेन्सरच्या जातीतून येत नाहीत. सेन्सरवरचे रंगीत फिल्टर, वरची काच, कॅमेऱ्यातला रंगनकाशा आणि नंतर रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) उघडणारे सॉफ्टवेअर या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. भरपूर उजेडात घेतलेली एम९ आणि टाइप २४० ची छायाचित्रे नीट संस्कारून शेजारी ठेवली, तर ओळखणे कठीण जाते.

एम९ विकत घेणाऱ्याने जादूपेक्षा काचेचा विचार करावा. या पिढीच्या सेन्सरवरची संरक्षक काच कालांतराने गंजते आणि प्रतिमेत वर्तुळाकार डाग येतात. एम९, एम९-पी, एम-ई (टाइप २२०) आणि पहिला मोनोक्रोम (केवळ कृष्णधवल छायाचित्रे घेणारा एम) या सगळ्यांना हा दोष लागू आहे. लायकाने काही काळ सेन्सर विनामूल्य बदलून दिले, नंतर ती सवलत थांबली आणि पुढे बदली सेन्सरचा साठाही संपला. म्हणून सेन्सर बदलल्याचा लेखी पुरावा असलेली बॉडीच पाहावी. तपासणी घरीही करता येते : लेन्स एफ/१६ वर ठेवून स्वच्छ आकाशाचे किंवा कोऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून पाहावे. धुळीचे कण साफ केल्यावर हलतात किंवा जातात; गंजाचे डाग तिथेच राहतात आणि त्यांच्याभोवती बहुधा फिकट वलय असते.

टाइप २४० ची घोषणा २०१२ मध्ये झाली; तिचे नाव नुसते ‘एम’ ठेवले होते. नावातला आकडाच काढून टाकण्याचा तो प्रयोग होता. सगळ्यांचा गोंधळ उडाला आणि पुढच्या पिढीत आकडा परत आला. या बॉडीत २४ मेगापिक्सेलचा, सीमॉस जातीचा सेन्सर आला आणि त्याबरोबर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे सेन्सरवर पडणारे दृश्य मागच्या पडद्यावर पाहण्याची सोय, आली. माझ्या दृष्टीने एम मालिकेतला हा सर्वांत मोठा तांत्रिक बदल, आणि त्याचे महत्त्व कमी लेखले जाते. लाइव्ह व्ह्यूमुळे छायाचित्रकार पहिल्यांदा लेन्समधून पाहू शकला. एफ/१.४ वर फोकस साधून अ‍ॅपर्चर एफ/४ केले की काही लेन्सचा फोकसचा बिंदू मागे सरकतो, हे रेंजफाइंडरला कधीच कळत नाही. लाइव्ह व्ह्यूत ते दिसते. रेंजफाइंडरची जोडणी साधारणपणे ०.७ मीटरला संपते, तर अलीकडच्या काही एम लेन्स ०.४ किंवा ०.३ मीटरपर्यंत जवळ फोकस करतात. तो जवळचा पल्ला लाइव्ह व्ह्यूशिवाय अंदाजाने वापरावा लागतो. चौकटीच्या रेषा एम९ पर्यंत बाहेरच्या उजेडाने उजळत असत, टाइप २४० पासून त्या आतल्या एलईडीने उजळतात. बॅटरी मोठी झाली, पाणी-धुळीपासून थोडे संरक्षण आले. मोबदल्यात बॉडी जाड झाली आणि वजन ६८० ग्रॅमवर गेले. एम९ चे वजन ५८५ ग्रॅम होते. आज एम९ वर असलेल्या माणसाला अंधारातली छायाचित्रे आणि बॉडीचा भरवसा या दोन गोष्टी छळत असतील, तर टाइप २४० पुरेशी आहे. जाडी छळत असेल, तर ती चुकीची निवड ठरेल.

जाडीचे उत्तर २०१७ च्या एम१० ने दिले. बॉडी सुमारे ४ मिलिमीटरने पातळ झाली आणि फिल्मच्या एमएवढी हातात बसू लागली. ४ मिलिमीटर हा आकडा कागदावर क्षुल्लक वाटतो, दिवसभर कॅमेरा मुठीत धरणाऱ्याला वाटत नाही. संवेदनशीलतेची चकती वरच्या पत्र्यावर आली, व्हिडिओ काढून टाकला गेला. व्ह्यूफाइंडरचे दृश्यक्षेत्र ३० टक्क्यांनी वाढले आणि डोळा काचेपासून थोडा दूर असला तरी पूर्ण दृश्य दिसू लागले. चष्मा लावणाऱ्यांसाठी हा बदल मेगापिक्सेलच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा आहे, कारण आधीच्या बॉडींमध्ये चष्म्यातून २८ मिमीच्या चौकटीच्या चारही कडा एकाच वेळी दिसत नसत. डोळा इकडेतिकडे फिरवावा लागे. २०१८ च्या एम१०-पी मध्ये शटर अधिक शांत झाले आणि स्पर्शपडदा आला, त्याच वर्षीच्या एम१०-डी मधून मागचा पडदाच गेला, आणि २०२० च्या एम१०-आर मध्ये सेन्सर ४० मेगापिक्सेलचा झाला. एम१० ची बॅटरी मात्र ११०० एमएएचची आहे. पातळ बॉडीची ही सरळ किंमत आहे. लाइव्ह व्ह्यू सतत वापरणाऱ्याने एक जादा बॅटरी जवळ ठेवावीच.

२०२२ च्या एम११ मध्ये ६० मेगापिक्सेलचा, मागून प्रकाश घेणारा सेन्सर आला. त्याची मूळ संवेदनशीलता ६४ आहे, म्हणून भर उन्हात मोठे अ‍ॅपर्चर उघडे ठेवायला पूर्वीइतका त्रास पडत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० सेकंदापर्यंत जाते. (ते वापरताना वेगाने जाणाऱ्या वस्तू तिरक्या दिसू शकतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो.) खालचा काढता पत्रा गेला, बॅटरी थेट बाहेर निघू लागली, यूएसबी-सीने चार्जिंग आले आणि ६४ जीबीचा अंतर्गत साठा मिळाला. बॅटरी १८०० एमएएचची झाली. काळ्या बॉडीचा वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे तिचे वजन ५३० ग्रॅम आहे, तर पितळी पत्र्याच्या चंदेरी बॉडीचे ६४० ग्रॅम. एकाच मॉडेलच्या दोन रंगांत ११० ग्रॅमचा फरक असण्याचे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल. रंग निवडताना हे लक्षात ठेवावे.

एम११ मधला एक बदल जाहिरातीत कमी आणि हातात अधिक जाणवतो. एम१० पर्यंत प्रकाशमापन शटरच्या पडद्यावरून परावर्तित झालेल्या उजेडाने होत असे, म्हणजे शटर एरवी बंद असे आणि बटण दाबले की एकदाच उघडून मिटे. एम११ नेहमी सेन्सरवरूनच प्रकाश मोजतो, त्यामुळे त्याचे शटर एरवी उघडे असते. बटण दाबल्यावर ते आधी मिटते, मग छायाचित्रासाठी उघडते व मिटते, आणि शेवटी पुन्हा उघडते. मापन अधिक हुशार झाले, पण आवाजाची लय बदलली. फिल्मच्या एमवर हात बसलेल्या माणसाने विकत घेण्यापूर्वी एम१० आणि एम११ एकामागून एक हातात घेऊन वीस-तीस वेळा शटर दाबून पाहावे. आवड-निवडीचा हा प्रश्न आहे, पण दर वेळी जाणवणारा आहे.

साठ मेगापिक्सेलांचे करायचे काय

छपाईचा हिशेब सोपा आहे. इंचाला ३०० ठिपके धरले, तर एम९ च्या फाइलची सुमारे १७ गुणिले ११.५ इंचाची प्रत निघते, २४ मेगापिक्सेलची सुमारे २० गुणिले १३ इंचाची, आणि एम११ ची सुमारे ३२ गुणिले २१ इंचाची. मोठी प्रत माणूस दुरून पाहतो आणि दुरून पाहिल्यावर इतक्या दाट ठिपक्यांची गरज उरत नाही, त्यामुळे २४ मेगापिक्सेलची फाइलही भिंतीएवढी छापता येते. मेगापिक्सेल अडीच पट झाले तरी रेषेतले तपशील १.५८ पटच वाढतात, हेही विसरू नये.

रेंजफाइंडरवर ६० मेगापिक्सेलांचा खरा उपयोग छपाईत नसून कापणीत, म्हणजे प्रतिमेचा हवा तेवढाच भाग ठेवण्यात, आहे. ९० मिमीची लेन्स या प्रकारच्या कॅमेऱ्यावर गैरसोयीची असते. तिची चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये इवलीशी दिसते आणि फोकसची मागणी अंतरमापकाच्या ताकदीच्या टोकाला असते. आता ५० मिमीने घेतलेली ६० मेगापिक्सेलची प्रतिमा १.८ पटीने कापली, तर ९० मिमीचे दृश्य मिळते आणि हातात १८ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे एका अख्ख्या एम९ एवढे. २८ मिमीतून त्याच मापाने ५० मिमी मिळते. २४ मेगापिक्सेलची फाइल तशीच कापली तर ७.४ मेगापिक्सेल उरतात. पडद्यासाठी पुरेसे, छपाईसाठी तोकडे. एकच लेन्स घेऊन प्रवास करणाऱ्याला एम११ दुसरी लेन्स बरोबर घेण्यापासून वाचवतो, असे म्हणता येईल. पार्श्वभूमी मात्र ९० मिमीसारखी विरघळत नाही, कारण लेन्स ५० मिमीचीच असते.

त्याची दुसरी बाजू अशी की या बॉडीत हाताची थरथर शोषणारी यंत्रणा नाही. ५० मिमीला १/५० सेकंद पुरतो, हा जुना नियम फिल्मच्या कणांच्या हिशेबाने ठीक होता. ६० मेगापिक्सेलचा पूर्ण तपशील हवा असेल तर १/१२५ किंवा १/२५० धरून चालावे. फाइलचा आकार, संगणकाची क्षमता, साठवणुकीच्या डिस्क हेही सगळे वाढते. एम११ मध्ये ३६ आणि १८ मेगापिक्सेलच्या रॉ फाइलही घेता येतात आणि त्या सेन्सरचा पूर्ण भाग वापरतात, ही चांगली सोय आहे. पण कायम १८ वरच ठेवणार असाल, तर एम१० घेऊन उरलेल्या पैशांत लेन्स का घेऊ नये, हा प्रश्न स्वतःला विचारण्याजोगा आहे.

मोनोक्रोम बॉडी हा वेगळाच फाटा. २०१२ पासून लायका प्रत्येक पिढीत केवळ कृष्णधवल छायाचित्रे घेणारी एम बॉडी बनवत आली आहे. यांच्या सेन्सरवर लाल, हिरवे, निळे फिल्टर नसतात, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल पूर्ण उजेड मोजतो, शेजारच्या पिक्सेलांवरून रंगाचा अंदाज बांधावा लागत नाही, तपशील अधिक धारदार येतो आणि अंधारात काम चांगले होते. जाते ते असे : रंगीत फाइलमध्ये एखादा रंग जळला तरी उरलेल्या दोन रंगांतून काही परत मिळवता येते, इथे जळले ते गेलेच. आकाश गडद करायचे असेल तर संगणकावर निळा रंग ओढण्याची सोय नाही. लेन्सवर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर आधीच लावावा लागतो. ज्याचे नव्वद टक्के काम आताच कृष्णधवल आहे, त्याच्यासाठी ही बॉडी रंगीत मॉडेलच्या पुढच्या पिढीपेक्षा मोठा बदल घडवते. इतरांसाठी ती दुसरी बॉडी म्हणूनच शोभते.

लायकाबाहेर पर्याय फार थोडे आहेत. फ्रान्समधील बेझांसों येथील पिक्सी ही कंपनी एम माउंटचा, मागे पडदा नसलेला आणि फोनशी जोडला जाणारा रेंजफाइंडर बनवते. सुरुवातीला त्याचा सेन्सर लहान होता, आता फुल फ्रेमचे मॉडेलही आहे. फुजीफिल्मच्या एक्स-प्रो आणि एक्स१०० या मालिका दिसायला रेंजफाइंडरसारख्या आहेत आणि त्यांचा काचेचा व इलेक्ट्रॉनिक असा दुहेरी व्ह्यूफाइंडर उत्तम आहे, पण त्यांच्यात प्रतिमा जुळवणारा अंतरमापक नाही. ज्याला केवळ कोपऱ्यातल्या खिडकीतून पाहण्याची पद्धत आवडते आणि फोकस कॅमेऱ्यानेच साधावा असे वाटते, त्याने एमच्या वाटेला न जाता या कॅमेऱ्यांकडे जाणे शहाणपणाचे ठरेल.

२०२५ च्या अखेरीस लायकाने एम ईव्ही१ आणला. त्यात एम११ सारखाच ६० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, एम माउंट आहे, पण अंतरमापक नाही. त्याच्या जागी ५७.६ लाख ठिपक्यांचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला आहे. परंपरावाद्यांना हा भ्रष्टाचार वाटू शकतो. मला तो निर्मात्यानेच दिलेला कबुलीजबाब वाटतो : ज्याला एफ/१.४ च्या खाली, जवळून, पिक्सेलभर अचूकता दर वेळी हवी आहे, त्याचे समाधान सरकत्या चौकोनाने होणार नाही. ७५ आणि ९० मिमीच्या वेगवान लेन्सवर ज्याचे काम चालते, त्याने ही बॉडी किंवा एम१० आणि एम११ वर बसणारा विझोफ्लेक्स हा जोड-इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर यांचा विचार करावा. ३५ मिमीने एफ/५.६ वर रस्त्यावर काम करणाऱ्याला यातले काहीच नको. तिथे अंतर आधीच ठरवून ठेवले की डोळा लावण्यापूर्वीच फोकस झालेला असतो, आणि त्या कामात एम९ पासून एम११ पर्यंतच्या सगळ्या बॉडी सारख्याच वेगवान आहेत.

वापरलेली बॉडी घेताना सेन्सरच्या तपासणीनंतर दुसरी तपासणी अंतरमापकाची करावी. लेन्स अनंतावर पूर्ण फिरवून दूरच्या मनोऱ्याकडे किंवा खांबाकडे पाहावे. दोन्ही प्रतिमा तंतोतंत एक झाल्या पाहिजेत, आडव्याही आणि उभ्याही. उभ्या दिशेने फरक दिसला, तर बॉडी कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी. मग एक मीटरवर पट्टी तिरकी ठेवून, लेन्स पूर्ण उघडून, एकाच आकड्यावर पाच वेळा नव्याने फोकस साधून पाच छायाचित्रे घ्यावीत. पाचही सारख्याच दिशेने चुकली तर बॉडी किंवा लेन्स दुरुस्तीला द्यावी लागेल, आणि तो खर्च घासाघीस करताना धरावा. कधी पुढे, कधी मागे अशी चुकली, तर चूक डोळ्याची आहे, आणि ती नव्या बॉडीबरोबरही येईल. ही चाचणी विकत घ्यायच्या बॉडीवर करण्याआधी, जी विकून टाकायची आहे तिच्यावर करावी.